खोडलेल्या नावांचा कागद

पत्र :

ताई,
आमचं बाळ सात आठवड्यांचं झालं, तरी अजून बिननावाचंच आहे. मुलगा आहे. मी आणि नवऱ्याने मिळून ४१ नावं काढली आणि ४१ च्या ४१ खोडली. एखादं नाव याच्या जुन्या साहेबांचं निघतं, एखादं मला शाळेत छळणाऱ्या मुलाचं, एखाद्याचा अर्थच सापडत नाही, एखादं परदेशात कुणाला म्हणता येणार नाही. खोडलेला कागद सोबत पाठवतेय. नावापायी पोराला पुढे त्रास होऊ नये म्हणून कोणती नावं ठेवूच नयेत, ते एकदा सांगा.

आणखी एक. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी अपघातात गेला. २२ वर्षांचा होता. आईला बाळाला त्याचंच नाव द्यायचंय. मांडीवर घेतलं की ती बाळाला त्याच नावाने हाक मारते. एरवी आमच्या घरात या सहा वर्षांत ते नाव कुणी मोठ्याने घेतलेलं नाही. नवरा म्हणतो, आईंना बरं वाटणार असेल तर ठेवूया. माझ्या घशातून ते बाहेर पडत नाही. आईला नाही कसं म्हणू?
— एक नवी आई

उत्तर :

तुझा कागद समोर पसरून बसले आहे. आडव्या रेघांचा, वहीतून फाडलेला, घडीवर विरलेला. ४१ नावं, प्रत्येकावर रेघ, आणि बहुतेकांच्या पुढे समासात बारीक अक्षरात कारण. ‘साहेब’. ‘सातवी ब’. ‘फार झालेत’. ‘अर्थ?’. एका नावावर दोन रेघा आहेत, एक निळ्या शाईची, एक काळ्या. मी सगळी नावं दोनदा वाचली. तुझ्या भावाचं नाव या कागदावर नाही. खोडलेलंही नाही.

मला आधी त्याच्याबद्दलच लिहायचं होतं. पण तू आधी वेगळाच प्रश्न विचारला आहेस आणि तो काही उगाच विचारलेला नाही. तेव्हा त्याचं उत्तर आधी देते.

मी २९ वर्षं शाळेत शिकवलं. म्हणजे २९ वर्षं रोज सकाळी मोठ्याने नावं वाचली. नाव मुलाला कसं बसतं, हे आई-बापांपेक्षा हजेरी घेणाऱ्याला लवकर कळतं. एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव पाच अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं, आणि घरच्यांनी मोठ्या हौसेने ‘दुसऱ्या कुणाचंच नाही’ असं शोधून काढलेलं. पहिल्या दिवशी मी त्या नावाशी येऊन थांबले. मी तोंड उघडायच्या आत तो उभा राहिला आणि ‘हजर’ म्हणाला. मला वाटलं, चुणचुणीत आहे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने वह्या तपासायला घेतल्या, तर प्रत्येक वहीवर नावाच्या जागी फक्त पहिलं अक्षर, पुढे टिंब आणि आडनाव. विचारलं तेव्हा म्हणाला, “बाई, पूर्ण लिहिलं की सगळे विचारतात.” नऊ वर्षांचा होता. नावाशी येऊन माणसं थांबतात, त्या थांबण्याच्या आत उभं राहायला तो शिकला होता.

न्यूझीलंडमधली एक गोष्ट वाचली तेव्हा मला तो मुलगा आठवला. २००८ मध्ये तिथल्या एका कौटुंबिक न्यायालयासमोर आई-वडिलांच्या ताब्याचा वाद आला. मुलगी नऊ वर्षांची. तिचं नाव म्हणजे एक अख्खं वाक्य होतं, अमुक मुलगी हवाईचा हुला नाच नाचते अशा अर्थाचं. मुलीने मैत्रिणींना आपलं खरं नाव कधी सांगितलंच नव्हतं. ती स्वतःला नुसतं ‘के’ म्हणवून घ्यायची. न्यायाधीशांनी तिला काही काळ न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतलं, ते केवळ तिचं नाव बदलता यावं म्हणून. नवं नाव त्यांनी जाहीर होऊ दिलं नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

मुलांची नावं अडवण्याची पाळी सरकारवर आली, अशी उदाहरणं जगभर आहेत. जपानमध्ये १९९३ साली एका बापाला मुलाचं नाव ‘अकुमा’, म्हणजे सैतान, ठेवायचं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी नाव वेगळंच ठेवलं गेलं. फ्रान्समध्ये एका जोडप्याने मुलीला ‘न्यूटेला’ हे खाण्याच्या वस्तूचं नाव दिलं. न्यायालय म्हणालं, पोरीची चेष्टा होईल, आणि कागदावर ‘एला’ लिहायला लावलं. स्वीडनमध्ये १९९६ साली एका जोडप्याने नावांच्या कायद्याचा निषेध म्हणून ४३ अक्षरं आणि आकडे यांची एक ओळच्या ओळ मुलाचं नाव म्हणून दिली. ती नाकारली गेली. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याने २०१४ मध्ये ६१ नावांची यादी काढून ती बंद केली. त्यात ‘फेसबुक’ होतं, ‘रोबोकॉप’ होतं. न्यूझीलंडमध्ये राजा, राजपुत्र, न्यायाधीश अशा पदव्यांची नावं सहसा मंजूर होत नाहीत.

ही नावं ऐकताना हसू येतं. मला मात्र ती एकामागोमाग वाचताना एकच गोष्ट दिसत राहते. प्रत्येक वेळी मोठ्या माणसाला काहीतरी बोलायचं होतं. कुणाला गंमत करायची होती, कुणाला सरकारशी भांडायचं होतं, कुणाला आपली आवड मिरवायची होती. ते बोलणं त्यांनी मुलाच्या तोंडी कायमचं देऊन टाकलं. आणि यातलं सर्वांत दुखरं उदाहरण आपल्याच भाषेतलं आहे. ‘नकुशा’. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिला दिलेलं नाव. ती दहा वर्षांची होते, वीस वर्षांची होते, आणि कुणीही ‘तुझं नाव काय’ विचारलं की तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, की मी नको होते. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली आणि कित्येकींनी ती स्वतः निवडली. ती बातमी वाचताना मला रडू आलं होतं, आज लिहितानाही घसा दाटतो.

म्हणून ‘कोणतं नाव ठेवूच नये’ याचं माझं उत्तर हे असं आहे. जे नाव मुलाविषयी काही न सांगता आई-बापांविषयीच सांगतं, ते ठेवू नये. त्यांची निराशा, त्यांचा विनोद, त्यांचा नवस, त्यांचं दुःख, काहीही असो. आता ते ‘दुःख’ मी इथे लिहिलं आहे खरं, पण त्याकडे नंतर येते.

बाकीची तुझी कारणं बघू.

‘अर्थ?’ असं तू नऊ नावांपुढे लिहिलं आहेस. तू शंका घेतलीस हे बरं केलंस. नावांच्या याद्यांमध्ये हल्ली वाटेल ते छापलेलं असतं. कोशात कुठेच नसलेल्या शब्दाला ‘विष्णूचा अंश’ नाहीतर ‘सूर्याचा पहिला किरण’ असा अर्थ चिकटवून देतात. आणि जे शब्द कोशात आहेत, त्यांचा कोशातला अर्थ कुणी बघत नाही. तुझ्या यादीत ‘अनय’ आहे. ऐकायला किती छान, पण नय म्हणजे नीती, आणि अनय म्हणजे अनीती, अन्याय. ‘अनीश’चे तर दोन टोकांचे अर्थ निघतात : ज्याच्यावर कुणी धनी नाही असा, आणि ज्याच्या हाती काही सत्ता नाही असा. याउलट ‘अपर्णा’ घे. शब्दाने पाहिलं तर पानंही नसलेली. ज्याला गोष्ट ठाऊक नाही त्याला ते उजाड वाटेल. पण पार्वतीने तप करताना झाडाचं गळून पडलेलं पानही खायचं सोडलं, म्हणून ती अपर्णा. तेव्हा नुसता अर्थ बघून भागत नाही, शब्दामागे काय उभं आहे तेही बघावं लागतं. आणि नावाला अर्थच नसेल, पण ते कानाला गोड असेल, तर बेलाशक ठेवा. फक्त मुलाला खोटा अर्थ सांगू नका. तो एक दिवस शब्दकोश उघडणारच.

अक्षरांचंही तसंच. ‘विदुर’ ठेवलंत आणि नोंदवणाऱ्याने द चा ध केला, तर पोरगा जन्मतः ‘विधुर’ होतो. नोंदणीचा कागद हातात पडला की तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचायचं, घरी नेऊन नाही. रोमन लिपीत लिहूनही बघा. ‘अनल’ म्हणजे अग्नी, पण इंग्रजी वाचणारा ते नाव भलतंच वाचेल. पासपोर्टच्या खालच्या बाजूला यंत्राने वाचायच्या ओळी असतात, त्यात नाव-आडनाव मिळून ३९ जागा असतात आणि फक्त साधी रोमन अक्षरं चालतात. आपले ऱ्हस्व-दीर्घ, ण-न, ळ-ल तिथे सगळे सपाट होतात. परदेशात म्हणता येणार नाही म्हणून तू पाच चांगली नावं खोडलीस, ते मात्र मला पटलं नाही. माणसांना आपल्या मित्राचं नाव शिकता येतं. दोनदा चुकतील, तिसऱ्यांदा बरोबर म्हणतील. अक्षर अवघड आहे म्हणून खोडू नकोस. नाव चुकीचं म्हटल्यावर त्याचा अर्थ घाण होत असेल, तरच खोड.

‘फार झालेत’ हे कारण सोडून दे. माझ्या एका वर्गात एकाच नावाची चार मुलं होती. आडनावाच्या पहिल्या अक्षराने हाका मारायचो. चौघांचं काही बिघडलं नाही, उलट त्यांची आपसात घट्ट गट्टी झाली.

आता ‘साहेब’ आणि ‘सातवी ब’. या दोन्हींत फरक आहे. नवऱ्याला साहेबांची आठवण येते म्हणून नाव नको, हे पंधरा दिवसांचं दुखणं आहे. बाळाला ते नाव दिलंत की तो साहेब आपोआप पुसला जाईल. ओल्या लंगोटात पाय झाडणाऱ्या जिवाला ज्या नावाने हाक मारतो, त्या नावाचा दुसरा मालक माणसाला फार दिवस आठवत नाही. पण सातवी ब मधल्या त्या मुलाचं नाव लिहिताना तुझं अक्षर बदललंय. रेघ इतकी जोरात ओढली आहेस की कागद फाटलाय. ते नाव नकोच. तिथे तुझं मन दुखलेलं आहे आणि त्याची सफाई बाळाने का द्यायची?

जगाने एखादं नाव बिघडवलं तर काय, अशीही तुला धास्ती वाटत असेल. ते कुणाच्याच हातात नसतं. ‘इसिस’ ही प्राचीन इजिप्तची देवी. अमेरिकेत मुलींना आवडीने ठेवत असत ते नाव. एका दहशतवादी संघटनेच्या नावाची आद्याक्षरं तशीच निघाली आणि २०१५ मध्ये ते तिथल्या पहिल्या हजार नावांतून बाहेर गेलं. ‘अलेक्सा’ २०१५ साली तिथे पहिल्या पन्नासांत होतं. मग घराघरात त्या नावाने हाक मारून यंत्रांना हुकूम सोडणं सुरू झालं आणि आई-बापांनी ते टाकलं. २००५ च्या त्याच नावाच्या वादळानंतर ‘कॅटरीना’ कमी झालं. ज्यांनी आधीच ही नावं ठेवली होती, त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. आणि नाव सावरतंही. ‘ध चा मा’ म्हटलं की आपल्याला कोण आठवतं? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्या हुकुमातलं अक्षर बदलल्याचा ठपका लोककथेने आनंदीबाईंवर ठेवला, तो आजवर निघालेला नाही. पण ‘आनंदी’ हे नाव काही बुडालं नाही. १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झालेली मुलगी आनंदीच होती. आज तिच्या आठवणीने मुलींना ते नाव ठेवतात. एकीमुळे डागाळलेलं नाव दुसरीने उजळलं, आणि डागाळल्याची कथा घरोघरी ठाऊक असताना.

हे झालं कागदावरच्या नावांचं. आता जे कागदावर नाही त्याकडे येते.

तुझ्या आईला चूक म्हणण्याआधी एक सांगते. गेलेल्याचं नाव नव्या जिवाला देणं यात विपरीत काहीच नाही. जगभर देत आलेत. अश्केनाझी ज्यू कुटुंबांत तर बाळाला गेलेल्या आप्ताचंच नाव देतात, जिवंत माणसाचं टाळतात. संगीतकार बेथोव्हेनच्या आधी त्याच्या आई-बापांना १७६९ साली एक मुलगा झाला होता, तो सहा दिवस जगला. त्याचंही नाव लुडविग. पुढच्या वर्षी हा झाला, याचंही लुडविग. त्या काळी युरोपात यात कुणाला वावगं वाटत नसे.

पण सगळ्यांनाच ते ओझं हलकं गेलं असं नाही. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग ३० मार्च १८५३ ला जन्मला. बरोबर एक वर्ष आधी, ३० मार्च १८५२ ला, त्याच आईला मृत मुलगा झाला होता आणि त्याचं नाव व्हिन्सेंट ठेवून त्याला पुरलं होतं. वडील धर्मोपदेशक, घराजवळच चर्च, आणि चर्चच्या आवारात त्या बाळाचा दगड. अक्षरं वाचायला शिकणाऱ्या मुलाला स्वतःचं पूर्ण नाव थडग्यावर वाचायला मिळालं. त्याने आयुष्यात जे भोगलं त्याचा दोष मी त्या दगडाला देत नाही, तसं म्हणणं खोटेपणाचं होईल. मी फक्त त्या लहान मुलाला त्या दगडासमोर उभा असलेला बघते. दुसरा एक चित्रकार, साल्व्हादोर दाली. त्याचा थोरला भाऊ १९०३ च्या ऑगस्टमध्ये गेला, हा मे १९०४ मध्ये जन्मला, आणि याला नाव दिलं तेच, साल्व्हादोर. आपण त्या भावाची नक्कल नाही हे सिद्ध करत जगलो, असं तो पुढे सांगत राहिला. साठीला टेकल्यावर त्याने त्या कधीच न पाहिलेल्या भावाचं चित्र काढलं. म्हणजे तोवर ते मनातून गेलं नव्हतं.

आणि अगदी उलटं वागणारी माणसंही आहेत. मध्य ऑस्ट्रेलियातल्या काही आदिवासी समाजांत माणूस गेला की त्याचं नाव घेणं काही काळ बंद होतं. त्याच नावाचा दुसरा कुणी जिवंत असेल, तर त्याला तेवढ्यापुरतं ‘कुमनजाई’ अशा बदली नावाने हाक मारतात. नाव कानावर पडलं की दुखतं, हे अख्ख्या समाजाने समजून घेऊन त्याची सोय केलेली आहे.

तुझ्या घरात या दोन्ही रीती एकमेकींना धडकल्या आहेत. सहा वर्षं तुम्ही त्याचं नाव बंद ठेवलंत. कुणी ठरवून नाही, एकमेकांना रडू येऊ नये म्हणून. आणि आता आई ते नाव बाळावर ठेवून पुन्हा घरात आणू बघते आहे.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, तेव्हा मला असं वाटलं. आईला बाळाचं नाव ठरवायचं नाहीये. तिला एक हाक मारायची आहे. बावीस वर्षं ती रोज ती हाक मारत होती. ऊठ रे, जेवायला ये रे, कुठे चाललास रे. एका दिवशी ती बंद पडली. आईच्या जिभेला त्या नावाची सवय असते, ते तिथून जात नाही. घरात कुणी ते उच्चारत नाही, तिनेही गिळून टाकलं. आता मांडीवर एक जीव आला, आणि सहा वर्षांनी ते नाव मोठ्याने घ्यायला तिला निमित्त मिळालं. मग ती ते सोडेल कशी? तू ‘हे नाव नको’ म्हणालीस, तर तिला ऐकू येईल ते ‘त्याचं नाव घेऊ नकोस’. म्हणून तुला नाही म्हणणं इतकं जड जातंय.

आणि तुझ्या घशाचंही मला कळतं. ते नाव तुझ्या धाकट्या भावाचं आहे. ते ऐकून तुला जो चेहरा दिसतो तो बाविशीतला आहे, सात आठवड्यांचा नाही. उद्या पोरगं भिंतीवर रेघोट्या मारेल, तू त्याच नावाने ओरडशील आणि मधेच थांबशील. त्या नावाने तुला रागावता येणार नाही. ज्या नावाने आईला मनसोक्त रागावता येत नाही, ते नाव मुलाच्या वाट्याला येऊ नये. शिवाय मामा चित्रं छान काढायचा म्हणून याच्या हातात रंग देतील, आणि याला नाही आली चित्रं तर सगळे गप्प बसतील. कुणी काही बोलणार नाही, पण ते गप्प बसणं मुलाला कळेल. मुलांना कळतंच. चित्रं मी उदाहरणादाखल म्हटलं. तुझा भाऊ कशात हुशार होता ते तू लिहिलं नाहीस, पण काहीतरी असेलच.

तुझं मन त्या नावाकडे ओढ घेत असतं, तर मी खुशाल ठेव म्हटलं असतं. बऱ्याच जणींना त्यातून बळ मिळतं आणि मुलंही ते नाव अभिमानाने वागवतात. पण तुझं मन ओढ घेत नाहीये. आणि ‘आईंना बरं वाटेल’ हे बाळाच्या नावाचं कारण होऊ शकत नाही, ते नवऱ्याला नीट सांग. तो चांगुलपणानेच म्हणतोय. पण आईला बरं करण्याचं काम सात आठवड्यांच्या पोरावर टाकता येत नाही. ते तुम्हा मोठ्यांचं काम आहे, आणि ते तुम्ही सहा वर्षं केलेलं नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. दुःखात माणसं असंच करतात.

आता कसं सांगायचं. ‘नाही’ने सुरुवात करू नकोस. आई एकटी असताना, बाळ झोपलेलं असताना, तिच्याजवळ बस आणि आधी तू त्याचं नाव घे. मोठ्याने. तुझ्या घशातून निघत नाही म्हणालीस, पण ते बाळाला हाक म्हणून निघत नाही. भावाचं नाव म्हणून निघेल. रडू आलं तर येऊ दे. त्याची एखादी गोष्ट काढ, तो लहान असतानाची, तुम्ही दोघं मार खाल्लेली. आईला बोलू दे. हे एका बैठकीत होणार नाही, दोन-तीनदा करावं लागेल. मग म्हण, “आई, त्याचं नाव त्याचंच राहू दे ना. बाळाला मामा हवा. मी त्याला सांगणार आहे, हा तुझा अमुक मामा.” आणि तिथे भावाचं नाव घे. “तेच नाव बाळाला दिलं तर मामाला काय म्हणायचं?”

हे काही मी आईला गप्प करायची युक्ती म्हणून सुचवत नाही. ते खरंच तसं आहे. नाव भाच्याला गेलं की मामा बिननावाचा होतो. घरात ‘तो’, ‘आपला तो’, ‘मोठा’ असं काहीतरी होऊन बसतो. आत्ताच तुम्ही तसं करता आहात. बाळाला त्याचं स्वतःचं नाव मिळालं, तर तुझ्या भावाला त्याचं परत मिळेल. फोटो बाहेर काढा. त्याच्या वाढदिवसाला त्याचं नाव घ्या. बाळाला झोपवताना आईलाच सांगू दे मामाच्या गोष्टी, तिच्याइतक्या कुणाला येणार? दिवसातून दहा वेळा ते नाव घरात घेतलं जाऊ दे, पण ज्याचं आहे त्याच्यासाठी.

तरीही आईला काही धागा हवा असेल, तर त्याच्या नावाचा अर्थ घ्या आणि शब्द दुसरा घ्या. किंवा त्याला स्वतःला आवडणारं एखादं नाव. कधी म्हणाला असेल, मला मुलगा झाला तर अमुक ठेवीन. आईला विचार, तिला नक्की आठवत असेल. मधलं नाव म्हणून कागदोपत्री जोडणं मला तितकंसं आवडत नाही, पण तुझ्या मनाला चालत असेल तर तेही करता येईल.

घाई करू नका. आइसलंडमध्ये बाळाचं नाव ठरवायला कायद्यानेच सहा महिने देतात. तिथली नावांची समिती तशी फार कडक. एका मुलीच्या आईने तिला मंद वाऱ्याची झुळूक अशा अर्थाचं नाव दिलं, तर तो शब्द पुल्लिंगी आहे म्हणून समितीने नाकारला. १५ वर्षं सरकारी कागदांवर त्या पोरीचं नाव नुसतं ‘मुलगी’ असं होतं. ती न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये जिंकली. घरात मात्र तिला पहिल्या दिवसापासून आईने दिलेल्या नावानेच हाक मारत होते. कागद मागून येतो, हाक आधी सुरू होते. आणि हाक फार लांबवू नका, कारण बाळ साधारण साडेचार महिन्यांचं झालं की त्याला स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखू येतं, असं १९९५ च्या एका संशोधनात दिसून आलं होतं. तुझ्या हातात अजून थोडे दिवस आहेत.

शेवटी ते दोन रेघांचं नाव, वरून सव्विसावं. एक रेघ निळी, एक काळी. म्हणजे एकाने खोडल्यावरही ते दुसऱ्याच्या मनात परत आलं, म्हणून तर पुन्हा खोडावं लागलं. आणि अख्ख्या कागदात हे एकच नाव असं आहे, की ज्याच्यापुढे समासात कारण लिहिलेलं नाही. मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. हजेरी घेतात तसं आडनावासकट म्हटलं, मग खिडकीतून हाक मारतात तसं लांबवून, मग रागावून. तिन्ही वेळा नीट आलं. तुम्ही दोघांनी ते तीन दिवस वापरून बघा. दूध पाजताना, दुपटं बदलताना, रात्री तो रडून रडून लाल झाला असताना. जीभ अडखळते का बघा. तिसऱ्या दिवशी बाळाला आईच्या मांडीवर दे, आणि म्हण, “आई, तू हाक मारून बघ बरं.”

— ताई